बाख २११, हायवे २११!

मराठवाड्यात फिरलात आणि मांजरसुंब्याच्या चौकात कधी थांबला नाहीत, असं होणं कठीण! बीडकडून घाट चढून आलं की समोर चौक. एक रस्ता पाटोद्यावरून नगरकडे, दुसरा केज-अंबाजोगाईकडे, आणि मधोमध सोलापूर-धुळे महामार्ग. या महामार्गाला आता ५२ म्हणतात. पण त्याचा जुना नंबर माहीत आहे का?

२११!

आता जरा जर्मनीला चला. योहान सेबास्टियन बाख (१६८५-१७५०), बरोक संगीतातलं सगळ्यात वजनदार नाव. त्याच्या रचनांची एक अधिकृत सूची आहे, तिला बीडब्ल्यूव्ही म्हणतात. प्रत्येक रचनेला नंबर. या सूचीत २११ नंबरवर काय असेल? एखादं गंभीर चर्चसंगीत? छे! कॉफी!

हायवे २११ वर चहा, बाख २११ मध्ये कॉफी. जमली की नाही जोडी?

मांजर इथे, मांजर तिथे

या २११ नंबरचं लाडकं नाव 'कॉफी कँटाटा'. साल १७३४ च्या आसपास. लाइपझिग शहरात त्सिमरमान नावाच्या गृहस्थाचं कॉफी हाऊस होतं आणि तिथे हिवाळ्यात शुक्रवारी रात्री मैफल जमायची. बँडमास्तर कोण? खुद्द बाख. म्हणजे सकाळी चर्च, रात्री कॅफे. वर्क-लाइफ बॅलन्स यालाच म्हणतात!

कथा काय, तर लीशेन नावाच्या मुलीला कॉफीचं जबरी वेड. वडील वैतागलेले. फिरायला जायचं नाही, फॅशनचा घेरदार झगा मिळायचा नाही, खिडकीतून बाहेर डोकवायचं नाही... धमक्यांची यादी वाढत जाते, पोरगी ढिम्म. शेवटी वडील हुकमी पत्ता टाकतात: कॉफी सोड, नाहीतर नवरा विसर! पोरगी लगेच कबूल. आणि पाठीमागे गुपचूप अट पसरवते की ज्या स्थळाला माझी कॉफी मंजूर असेल त्यानेच यावं, तेही करारात लिहून देऊन. ३०० वर्षांपूर्वीची बायोडेटातली 'अपेक्षा' म्हणा ना!

आणि शेवटच्या कोरसमध्ये कोण येतं माहीत आहे का? मांजर! मांजराची उंदीर पकडायची खोड जात नाही तशी पोरींची कॉफी सुटत नाही, असा तिघांचा एकमुखी निकाल. २११ नंबरवर मांजर इथेही आणि तिथेही. मी काही बोलत नाही.

रजा ४ आठवड्यांची, सुट्टी ४ महिन्यांची

बाख २० वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. आर्नश्टाट गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी. लांब उत्तरेला ल्युबेक शहरात बुक्स्टेहुड नावाचे बुजुर्ग ऑर्गन वाजवतात असं कळलं. मग १७०५ च्या शरदात पठ्ठ्या निघाला. पायी! अंतर सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे मांजरसुंब्याहून चालत जवळजवळ मुंबई.

कार्तिकी पौर्णिमेला इथून जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी दिंड्या पायी येतात. त्या वारकऱ्यांना यात फारसं नवल वाटायचं नाही. फरक एवढाच की बाखने रजा घेतली होती ४ आठवड्यांची आणि परतला सुमारे ४ महिन्यांनी. साहेब लोक खवळले. जाब विचारला तर उत्तर साधारण असं, की कलेतल्या काही गोष्टी समजून घ्यायच्या होत्या. करा मेमो!

ल्युबेकची आणखी एक भानगड. बुक्स्टेहुडची गादी हवी असेल तर त्यांच्या मुलीशी लग्न करा, अशी अट असल्याचं सांगतात. संगीतकार हँडल १७०३ मध्ये तिथे डोकावून परत फिरला होता. बाखही परतलाच.

शेळी, तलवार आणि तुरुंग

पांढऱ्या विगमधला तो जाडजूड, गंभीर चेहरा आठवतोय? त्यावर जाऊ नका. आर्नश्टाटमध्ये गायर्सबाख नावाचा एक विद्यार्थी बासून वाजवायचा. बाखने त्याच्या वादनाचं नातं थेट शेळीशी जोडलं. एका रात्री भर रस्त्यात त्याने काठी घेऊन बाखला गाठलं. बाखने काय केलं? तलवार उपसली! लोक मध्ये पडले म्हणून निभावलं. चर्चच्या दफ्तरात ही चौकशी रीतसर नोंदलेली आहे.

१७१७ मध्ये तर कहर. वायमारच्या ड्यूकची नोकरी सोडून दुसरीकडे जायचं होतं, ड्यूक सोडेना. बाखने हट्ट धरला. परिणाम? ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर मुक्काम पोस्ट कोठडी. नोटीस पीरियडबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

तिकडे बाख, इकडे पेशवा

आपल्या इतिहासाशेजारी बाखचं कॅलेंडर ठेवून बघितलं आहे का? मजा येते.

१६८५. रायगडावर छत्रपती संभाजी महाराजांचं राज्य. तिकडे आयसेनाख गावात बाखचा जन्म.

१७०७. मार्चमध्ये औरंगजेब नगरजवळ भिंगारला मेला. मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याने सरळ गेलात तर तिथेच पोचाल. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाख बोहल्यावर!

१७२०. बाजीराव पेशवा झाला. बाखने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या ६ रचनांची स्वहस्ते सुरेख प्रत पूर्ण केली. ना साथ, ना तबला, ना तंबोरा. एक व्हायोलिन, चार तारा, बस्स! (ही १७२० ची वही लक्षात ठेवा. पुढे ती फार लांब जाणार आहे.)

१७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले. साडेसात महिन्यांनी, २८ जुलै १७५० ला बाख.

१७२० ला एक काळी किनार आहे. बाख आपल्या मालकाबरोबर कार्ल्सबाड या गरम झऱ्यांच्या गावी गेला होता. परत आला तेव्हा बायको मारिया बार्बारा वारली होती आणि दफनही उरकलं होतं. निरोप पोचायला मोबाइल नव्हता.

याच कार्ल्सबाडमध्ये १९०७ साली वॉल्टर कॉफमन नावाचा संगीतकार जन्मला. नाझींच्या भीतीने १९३४ मध्ये मुंबईला आला आणि पुढे आकाशवाणीत नोकरीला लागला. सकाळी सकाळी आकाशवाणीची ती ओळखीची धून लागायची ना? ती या कॉफमनची! शिवरंजनी रागातली. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवल्याचं सांगतात. मेहली म्हणजे बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे, आणि झुबिन मेहतांचे वडील.

घर म्हणावं की शाळा?

बाखला मुलं किती? २०! पहिल्या बायकोची ७, दुसऱ्या अ‍ॅना माग्डालेनाची १३. त्यातली १० च मोठी होऊ शकली. चार मुलगे स्वतः नामांकित संगीतकार झाले. एके काळी तर 'बाख' म्हटलं की लोकांना मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएलच आठवायचा. बापाची ओळख पोरामुळे!

थर्ड चॉइस

१७२२ मध्ये लाइपझिगला संगीतप्रमुखाची जागा निघाली. पहिली पसंती टेलेमान. त्याने ही ऑफर दाखवून आपल्या जुन्या मालकाकडून पगार वाढवून घेतला. दुसरी पसंती ग्राउपनर. त्याला मालकाने सोडलं नाही, उलट पगार वाढवला. मग १७२३ मध्ये नाइलाजाने तिसरा उमेदवार घेतला. बाख! पुढची २७ वर्षं तो तिथेच राहिला. इंटरव्ह्यूत वेटिंग लिस्टवर राहिलेल्यांनो, ऐकताय ना?

काम काय? सुरुवातीची काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा. शब्द घ्या, चाल लावा, पोरांकडून बसवून घ्या, रविवारी सादर करा, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. कँटाटा समजायला आपल्याला कष्ट नाहीत. कीर्तन ऐकलंय ना? त्या दिवसाचं वचन, त्याचं निरूपण, मध्ये पदं, आणि शेवटी सगळ्यांना येणारी चाल. बाखचा कँटाटाही याच अंगाने जातो, फक्त वीणेच्या जागी ऑर्गन. असे सुमारे २०० उरले आहेत. कितीतरी हरवले.

आणि फ्यूग? ते बाखचं ब्रह्मास्त्र. एक आवाज ओळ धरतो. ती संपते न संपते तोच दुसरा तीच ओळ पंचमावरून उचलतो आणि पहिला भलत्याच वाटेने खेळायला लागतो. मग तिसरा, चौथा. सगळे एकदम बोलतात, तरी भांडण नाही! ग्रामसभेने शिकण्यासारखं आहे.

१७४७ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने एक अवघड सुरावट देऊन म्हाताऱ्याची परीक्षा घेतली. बाखने उभ्या उभ्या तीन आवाजांचा फ्यूग वाजवून दाखवला. घरी जाऊन सहा आवाजांचा लिहिला, छापला आणि राजालाच नजर केला.

तुमची पट्टी कोणती?

पेटीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. कोणी काळी एकला गातं, कोणी पांढरी चारला, कोणी काळी पाचला. बाखने १७२२ मध्ये काय केलं माहीत आहे का? पांढरी एकपासून पांढरी सातपर्यंत बाराही पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीत मेजर आणि मायनर असे दोन-दोन संच लिहिले. झाले २४. वीस वर्षांनी वाटलं, अजून दम आहे. पुन्हा २४! एकूण ४८ जोड्या (आधी प्रेल्यूड, मग फ्यूग), नाव 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर'. एकाही पट्टीवर अन्याय नाही.

आता फुल्ल स्पीड: आकाशात केसरबाई!

या लेखातला माझा सगळ्यात लाडका किस्सा हा. सावकाश वाचा.

१९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी. परग्रहावर कुणी भेटलंच तर त्याला पृथ्वीचं गाणं ऐकवावं म्हणून. सुईसुद्धा सोबत दिली आहे, हो! उगाच तक्रार नको.

या तबकडीवर २७ गाणी-वाजवणी. त्यात भारताचं एकच. गायिका? सूरश्री केसरबाई केरकर! गोव्यातल्या फोंड्याजवळच्या केरी गावच्या. उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याचा दरारा. भैरवीतलं 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं.

आणि त्याच तबकडीवर बाख. किती वेळा? ३! बेथोव्हनला २, मोझार्टला १. जगातल्या कुठल्याही एका संगीतकाराचा एवढा कोटा नाही. अमेरिकी लेखक लुईस थॉमस म्हणाला होता म्हणे, की सगळाच्या सगळा बाख पाठवला असता, पण ती बढाई मारल्यासारखी झाली असती.

ते तीन कोणते? पहिला, ब्रँडनबुर्ग कॉन्चेर्टो नंबर २. दुसरा, पांढरी एकमधला एक प्रेल्यूड-फ्यूग, 'क्लाव्हियर'च्या दुसऱ्या भागातला. आणि तिसरा? एकट्या व्हायोलिनचा गाव्होत, म्हणजे नाचाची एक चाल. तीच ती १७२० ची वही! बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली त्या वर्षीची शाई आज सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पल्याड आहे. २०१२ मध्ये व्हॉयेजर १ ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं.

थांबा, अजून संपलं नाही. केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत भयंकर कडक. सुरुवातीला काही तबकड्या दिल्या, पण पुढे मैफलीत कुणी चोरून रेकॉर्ड करतंय का यावर त्यांची करडी नजर असायची. ज्या बाईंनी आपला आवाज असा जपला, त्यांचाच आवाज माणसाने पाठवलेल्या सगळ्यात लांबच्या पार्सलमध्ये! व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अवघ्या ११ दिवसांनी.

आणि बोनस! त्याच तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यात मराठी आहे. कुणी परग्रहवासी बटण दाबेल तर त्याला मराठीत शुभेच्छा, मग बाख, मग केसरबाई. अभिजात दर्जा मिळण्याच्या ४७ वर्षं आधी आपली भाषा अंतराळात पोचली होती!

गुणगुणणारा पियानिस्ट

तबकडीवरचा पांढरी एकवाला बाख वाजवलाय कॅनडाच्या ग्लेन गूल्डने. हा वाजवताना स्वतःच गुणगुणायचा. रेकॉर्डिंगवाले हैराण! खुर्ची वडिलांनी पाय कापून बुटकी केलेली, आणि तीच जगभर बरोबर. बैठक फाटली, तरी तीच.

गूल्डने १९५५ मध्ये बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' वाजवली ती ३८ मिनिटांत. १९८१ मध्ये पुन्हा वाजवली, तर ५१ मिनिटं! नोटेशन तेच, संगीतकार तोच, वादकही तोच. पहिली म्हणजे द्रुत तराणा, दुसरी विलंबित. बाख कसा वाजवायचा यावर अजून डोकी फुटतात ती उगाच नाही.

पुरावा हवा? १८२९ मध्ये २० वर्षांच्या संगीतकार मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हा उभं केलं, तेव्हा कोरसमध्ये दीडशेवर माणसं होती. १९८१ मध्ये जोशुआ रिफ्किन नावाचा अभ्यासक उठून म्हणाला, अहो, बाखकडे एका ओळीला एकच गायक असायचा! सभेत हलकल्लोळ. माझं मत विचाराल तर मी रिफ्किनच्या बाजूचा. गर्दीत बाखचे धागे दिसेनासे होतात.

बाख प्लग-इन!

१९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी मूग सिंथेसायझरवर बाख वाजवला. ते यंत्र एका वेळी एकच सूर काढायचं! म्हणून एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून थरावर थर चढवले. 'स्विच्ड-ऑन बाख'ने ३ ग्रॅमी पटकावली. आजचे कीबोर्डवाले याच घराण्याचे.

बीटल्सच्या 'पेनी लेन'मधला तो उंच ट्रम्पेट? पॉल मॅकार्टनीने टीव्हीवर ब्रँडनबुर्ग नंबर २ ऐकला आणि त्याच वादकाला स्टुडिओत बोलावलं. हो, हा व्हॉयेजरवालाच कॉन्चेर्टो.

चेन्नईत इलयाराजांनी १९८६ मध्ये 'हाऊ टू नेम इट?' हा अल्बम केला. त्यातल्या एका रचनेच्या नावातच बाख त्यांच्या घरी भेटायला येतो. पाहुणचाराला फिल्टर कॉफी असणार. २११!

२१ मार्च २०१९ ला गूगलने पहिलं एआय डूडल काढलं. तुम्ही चार सूर टाका, मशीन ते बाखच्या थाटात सजवणार. अभ्यास किती? बाखच्या ३०६ रचनांचा. होमवर्क न करता पास होता येत नाही, मशीनलासुद्धा.

फसवाफसवी

कीबोर्ड क्लासला पहिल्या महिन्यात शिकवतात तो 'बाखचा मिनुएट इन जी' येतो ना तुम्हाला? तो बाखचा नाहीच! क्रिस्टियान पेट्झोल्डचा. बाखच्या बायकोच्या वहीत उतरवलेला सापडला, आणि लोकांनी नवऱ्याच्या नावावर खपवला.

ब्रँडनबुर्ग कॉन्चेर्टोचं हस्तलिखित १७३४ मध्ये किती किमतीला गेलं? सहा रचनांचे मिळून २४ ग्रोशन. रद्दीचा भाव!

आणि हा किस्सा मात्र गोड नाही. जॉन टेलर नावाचा एक फिरता 'नेत्रतज्ज्ञ' होता. त्याच्या बग्गीवर म्हणे डोळेच डोळे रंगवलेले असत. १७५० मध्ये त्याने बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी गेली, काही महिन्यांत बाखही गेला. पुढे याच टेलरने हँडलवरही हात चालवला. हँडलही आंधळाच राहिला. १६८५ मध्ये जेमतेम १३० किलोमीटर अंतरावर जन्मलेले दोन दिग्गज, आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. दोघांच्यात कॉमन काय? एक भोंदू डॉक्टर.

सूची अजून चालू आहे

मांजरसुंब्याहून केजमार्गे अंबाजोगाईला गेलात तर संतकवी दासोपंतांचं गाव लागतं. चक्क कापडावर लिहिणारा माणूस! त्यांची पासोडी सुमारे ४० फूट लांब. बाखचंही तसंच. सूचीत हजाराच्या वर नंबर, आणि अजून भर पडतेच आहे! नोव्हेंबर २०२५ मध्ये लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये ऑर्गनच्या दोन रचना 'बाखच्याच' म्हणून जाहीर झाल्या आणि तिथेच वाजवल्या गेल्या. तरुणपणीच्या, म्हणजे तलवार उपसण्याच्या दिवसांतल्या. नंबर ११७८ आणि ११७९.

पेटी काढा!

शेवटचा प्रयोग घरी करा. जर्मन पद्धतीत सुरांना अक्षरं आहेत, आणि बी-ए-सी-एच ही चारही अक्षरं सूर म्हणून वाजतात. बाखने स्वतःच्या आडनावाचीच सुरावट केली आणि शेवटच्या, अर्धवट राहिलेल्या महाफ्यूगमध्ये ती गुंफली. त्याच्या मुलाने हस्तलिखितावर टीप लिहिली की हे नाव येतं तिथेच वडील गेले. अक्षर तपासणारे अभ्यासक म्हणतात, नाही हो, पानं आधीची आहेत. वाद चालू द्या.

तुम्ही भाता मारा आणि दाबा: काळी पाच, पांढरी सहा, वरच्या सप्तकातली पांढरी एक, पांढरी सात. म्हणजे पांढरी एकचा सा धरला तर कोमल नी, ध, वरचा सा, शुद्ध नी. शेजारच्यांनी विचारलं, "हे काय वाजवताय, काका?" तर सांगा, "सही करतोय!"